एकोणतीस इंची चाक आणि पाच फुटी माणूस

ठेंगण्या माणसाला सल्ला देणारा माणूस नेहमी पाच फूट नऊ इंचांच्या पुढचाच असतो, हे माझं फार जुनं निरीक्षण आहे. "आडव्या पट्ट्यांचे शर्ट घालत जाऊ नका," "ग्रुप फोटोत तुम्ही आपले पुढच्या रांगेत बसा," "राहू द्या, ते वरच्या फळीवरचं रजिस्टर मी काढतो," ही सगळी वाक्यं माझ्या कानावर वरून आलेली आहेत. समोरून एकही नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच. आमच्या शाखेतलं काउंटर ज्या कोणी बांधलं त्यानं बँकेतला कारकून किमान साडेपाच फूट तरी असणारच असं गृहीत धरलं असावं. त्यामुळे खातेदाराच्या वाट्याला माझं कपाळ आणि चष्म्याची वरची कड एवढाच भाग येतो. एक पेन्शनर आजोबा तर दर महिन्याला काउंटरशी येऊन "साहेब जाग्यावर नाहीत वाटतं" असं स्वतःशीच म्हणतात, आणि मला दर महिन्याला हात वर करून आपलं अस्तित्व सिद्ध करावं लागतं. हयातीचा दाखला खरं म्हणजे त्यांनी मला द्यायचा नसतो, मी त्यांच्याकडून घ्यायचा असतो.

हे सगळं मी चाळीसहून अधिक वर्षं निमूटपणे चालवून घेतलं. पण अलीकडे या सल्ल्यांच्या खात्यात एक नवी नोंद झाली आहे : ठेंगण्यांनी मोठ्या चाकाची सायकल घेऊ नये. या नोंदीची मात्र तपासणी करणं मला भाग पडलं, कारण तिच्यात माझ्या भाचीची अकरावी अडकली होती.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी सायकलच्या दुकानात पाऊल टाकलं नसेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. पूर्वी दुकानात सायकल काळी असे आणि गिऱ्हाईक रंगीबेरंगी असे. आता उलटं झालं आहे. जाड टायर, पुढे शॉकअप, मागेपुढे थाळीसारखे ब्रेक, आणि अंगावर इतकी इंग्रजी अक्षरं की सायकल आहे की वर्तमानपत्र असा प्रश्न पडावा. हिला माउंटन बाइक म्हणतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याच्या बाजूचे डोंगर सोडले तर माउंटन म्हणावं असं फारसं काही नाही, पण आपल्याकडे नावाचा आणि वस्तूचा संबंध कोण विचारतो? तर या बाइकीच्या अंगावर सगळ्यात ठळक जो आकडा छापलेला असतो तो म्हणजे चाकाचा : २६, २७.५ किंवा २९. जितका आकडा मोठा तितकी सायकल भारी, असा समज पोरांत पक्का आहे. आणि जितका आकडा मोठा तितका माणूस उंच हवा, असा समज दुकानदारांत पक्का आहे. हे दोन्ही समज एकाच दुकानात सुखानं नांदतात, आणि मधल्या मधे पाच फुटी गिऱ्हाईक रिकाम्या हातानं घरी जातं.

माझ्या बहिणीचं गाव हिंगोलीपासून सात किलोमीटरवर. भाचीला दहावीला चांगले मार्क पडले आणि तिनं सायन्स घ्यायचं ठरवलं. कॉलेज हिंगोलीत, पहिला तास सकाळी साडेसातला. गावातून काळीपिवळी निघते ती भरल्यावर, आणि भरते ती नऊच्या पुढे. स्कुटीला लायसन लागतं आणि लायसनला वय लागतं. म्हणजे राहिली सायकल. आमचे दाजी तसे वाईट नाहीत. पण कुठलीही गोष्ट जमत नाही असं कळलं की त्यांना एक प्रकारचा आराम वाटतो. "बघा, सायकल बसत असंल तर बसवा. नसंल बसत तर गावातच आर्ट्स आहे की. काय वंगाळ आहे त्यात?" आर्ट्समध्ये वंगाळ काहीच नाही. पण पोरीला बेडूक कापायचा होता, त्याला काय करणार?

भाचीची उंची चार फूट अकरा इंच. आता ही काही जगावेगळी उंची नव्हे. आपल्या देशात बायकांची सरासरीच मुळी पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणजे सायकलच्या दुकानात जिला "ताई, तुम्ही जरा ठेंगण्या पडता" असं सांगितलं जातं ती बाई सरासरीच असते. जिच्यासाठी माल भरायचा तिलाच माल बसत नाही, आणि वर दोष तिच्या उंचीला. चपलांच्या दुकानात असं कोणी केलं असतं तर चपलाच पडल्या असत्या.

दुकानदारानं भाचीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं (या दुसऱ्या नजरेत आनुवंशिकतेचा पूर्ण अभ्यास होता), आणि निकाल दिला, "सर, ताईला एकोणतीस झेपणार नाही. चोवीसची लेडीज देतो. टोपली फ्री."

भाची म्हणाली, "मामा, सात किलोमीटर जायचं आहे. भाजी आणायला नाही जायचं."

इथं मी लेडीज सायकलीची बाजू घेतली पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून आमच्या जिल्ह्यात आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळेपुढे त्यांची रांग पाहिली तर बहुतेक बिननळीच्या. त्या सायकलींनी जेवढ्या पोरी शाळेत टिकवल्या तेवढ्या कुठल्याही भाषणानं टिकवल्या नसतील. त्या सायकली पोरींना बसतात त्या चाक लहान असतं म्हणून नव्हे, तर मधली आडवी नळी नसते म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा. सगळं प्रकरण या नळीवरच येऊन बसणार आहे, जसे आपण सगळेजण लहानपणी वडिलांच्या पुढे बसत आलो.

वडिलांची ती काळी सायकल! माझं सायकल शिकणं झालं तेव्हा आम्ही अजून परभणी जिल्ह्यातच होतो; हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला. सायकल वडिलांची, उंची माझी, आणि दोहोंचा मेळ बसण्याची कसलीही शक्यता नाही. मग नळीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हातानं हँडल आणि उजव्या काखेत सीट धरायचं, आणि अंग इंग्रजी एस अक्षरासारखं वाकवून अर्धं अर्धं पायडल मारत निघायचं. समोरून पाहणाऱ्याला सायकल एकटीच येते आहे आणि तिच्या पोटाला काहीतरी लटकलं आहे असं वाटे. मराठवाड्यातली आमची अख्खी पिढी अशी वाकडी होऊन सरळ चालायला शिकली.

आता गंमत ऐका. त्या काळ्या सायकलीला सगळे अठ्ठावीस इंची म्हणत. तिच्या रिमचा व्यास, टायर जिथं बसतं तिथं, ६३५ मिलिमीटर. आणि ही जी नवी एकोणतीस इंची, जिच्यापुढे दुकानदार आवाज खाली आणून बोलतो, तिच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर. म्हणजे एकोणतीसची रिम अठ्ठावीसच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं लहान! एकोणतीस हा आकडा येतो तो जाड टायरामुळे. टायराची जाडी दोन्हीकडून मिळवली की बाहेरचा व्यास एकोणतीस इंचांच्या घरात जातो. नफा वाढला नाही, फक्त मालाचं पॅकिंग जाड केलं, असा हा व्यवहार. माझ्या बी. कॉम.च्या तीन वर्षांत एवढं स्पष्ट उदाहरण एकाही प्राध्यापकानं दिलं नव्हतं.

म्हणजे ज्या गावात आठ-आठ वर्षांची पोरं जवळजवळ एवढ्याच चाकावर शिकली, ज्या चाकावर साडेपाच फुटांच्या आतले सगळे मास्तर, दूधवाले आणि पोस्टमन आयुष्यभर फिरले, त्याच गावात आता सांगतात की मोठं चाक ठेंगण्यांना झेपत नाही. मग आमचे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पन्नास वर्षं काय झेपवत होते?

मात्र एक काळ असा होता की तेव्हा हा सल्ला खरा होता. युरोपात १८७० च्या दशकात ती एक मोठ्या चाकाची, चित्रात दिसते तशी सायकल असे. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं परातीएवढं. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसालाच लावलेलं. चेन नाही. पायाचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. अर्थात चाक जेवढं मोठं तेवढी सायकल पळणार, आणि चाक किती मोठं घेता येईल ते पायाच्या लांबीवर ठरणार. लंबू छप्पन-साठ इंचांचं चाक घेई, ठेंगू अठ्ठेचाळीस-पन्नासवर थांबे, आणि शर्यत सुरू होण्याआधीच हरलेला असे. ठेंगण्यांवर इतका उघड अन्याय इतिहासात दुसरा कुठल्या यंत्रानं केलेला मला ठाऊक नाही. आमचं काउंटरसुद्धा त्यामानानं दयाळू.

मग १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन चाकं जवळपास सारखी, मध्ये माणूस, आणि मागच्या चाकाला चेन. त्या चेननं उंचीचा आणि वेगाचा काडीमोड करून टाकला. पुढच्या दाताळ्याला दाते जास्त, मागच्याला कमी, की लहान पायाचा माणूसही मोठ्या पायाच्या माणसाइतका पळाला. शिवाय चेनमुळे पायडल चाकाच्या आसावरून सुटलं आणि खाली आलं. आजही २६ ची बाइक घ्या की २९ ची, पायडल ज्या आसावर फिरतं तो जमिनीपासून साधारण तीस सेंटिमीटरवरच असतो. चाक मोठं झालं म्हणून तो वर चढत नाही. आपण चाकावर बसतच नाही, दोन चाकांच्या मध्ये बसतो. १८८५ ला मिटलेला हा खटला आमच्या दुकानदारांच्या दप्तरात मात्र अजून प्रलंबित दिसतो.

मग अडतं कुठं? अडतं त्या नळीवर. वडिलांच्या सायकलीचाच हिशोब मांडू. फ्रेम बावीस इंची, म्हणजे सीटखालची नळी छप्पन सेंटिमीटर. ती थोडी तिरकी असते, म्हणून चार वजा. बावन्न. त्यात पायडलच्या आसाची तीस सेंटिमीटर उंची मिळवा. ब्याऐंशी. म्हणजे आडवी नळी जमिनीपासून साधारण ब्याऐंशी सेंटिमीटरवर. आणि माझ्या पायाची आतली लांबी, ज्या लांबीवर शिंपी पँट बेततो ती, आज पूर्ण वाढ झाल्यावर त्र्याहत्तर सेंटिमीटर. नऊ सेंटिमीटरचा ओव्हरड्राफ्ट, आणि तोही बिनतारणी. अचानक ब्रेक मारून दोन पायांवर उतरायची वेळ आली तर हा ओव्हरड्राफ्ट कुठे वसूल होतो, ते पुरुष वाचकांना सांगायला नको. चाकाचा यात काही दोष नव्हता. त्या सायकलीला सव्वीसची चाकं बसवली असती तरी नळी फार तर तीन-चार सेंटिमीटर खाली आली असती, आणि ओव्हरड्राफ्ट मिटला नसता.

एवढा हिशोब झाल्यावर मी दुकानाशेजारच्या शिंप्याकडे गेलो आणि त्याची फीत मागून आणली. फीत पाहून दुकानदार जरा अस्वस्थ झाला. सायकलीच्या दुकानात चाक मोजतात, पैसे मोजतात, माणूस मोजण्याची पद्धत नाही. भाचीची आतली लांबी तिच्या आईनं घरीच भिंतीला टेकवून, पायांत जाडजूड वही धरून मोजून दिली होती : बूट घालून सत्तर सेंटिमीटर. आता मी एकेका सायकलीच्या नळीची उंची घ्यायला सुरुवात केली. पहिली एकोणतीस, सरळ नळीची : ऐंशी. दुसरी एकोणतीस, हिची नळी सीटकडे उतरती : त्र्याहत्तर. आणि मग ती सव्वीस, जी दुकानदार "ही घ्या, ठेंगण्यांसाठीच असते" म्हणून पुढे करत होता : सत्त्याहत्तर!

मी फीत दुसऱ्यांदा लावली. सत्त्याहत्तरच. लहान चाकाची सायकल मोठ्या चाकाच्या सायकलीपेक्षा चार सेंटिमीटर उंच निघाली. दुकानदारानं फितीचा दोष काढला. फीत शिंप्याची, आणि त्या फितीनं बेतलेल्या पँटी अर्धी हिंगोली घालून फिरते आहे, हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिलं.

खरी गोष्ट अशी की चांगल्या कंपन्या एकोणतीसच्या बाइकीसुद्धा लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन-चार मापांच्या फ्रेममध्ये काढतात, आणि लहान मापात नळी अशी उतरती ठेवतात की पाच फुटांचा माणूसही आरामात दोन पायांवर उभा राहतो. पण आमच्याकडे येणारा स्वस्तातला बराचसा माल एकाच मापाचा. चाकाचे आकडे तीन, फ्रेमचं माप एक. शर्टाला अडतीस-चाळीस-बेचाळीस, चपलेला सहा-सात-आठ, सायकल घ्यायला जावं तर "एकच साइज, सगळ्यांना बसते." सगळ्यांना बसते म्हणजे बनवणाऱ्याच्या मेव्हण्याला बसत असावी.

दुकानदाराकडे अजून एक शस्त्र होतं. त्यानं भाचीला सीटवर बसवलं आणि म्हणाला, "बघा, दोन्ही पाय टेकत नाहीत." हा तर आपल्याकडचा सार्वजनिक गैरसमज. सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, ही अट सोफ्याची आहे, सायकलीची नव्हे. तेवढं सीट खाली घेतलं की पायडल मारताना गुडघे हनुवटीशी येतात आणि दोन किलोमीटरांत मांड्या भरून येतात. सीटची उंची पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ होईल अशी हवी. थांबायचं तर सीटवरून पुढे उतरून नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकायचे. म्हणून तर नळी महत्त्वाची. वाचकहो, मी सारखा त्या नळीकडेच येतो आहे याबद्दल कंटाळू नका. ठेंगण्या माणसाचं सगळं आयुष्यच असल्या कुठल्यातरी नळीपाशी अडलेलं असतं.

आता एकोणतीसच्या भक्तांची बाजूही तपासू. ते म्हणतात, मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं. आमच्या जिल्ह्यात हा युक्तिवाद फार प्रभावी ठरतो. रस्त्याला खड्डा आहे असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, खड्ड्याला रस्ता आहे असं म्हणतात. मी भाचीलाच कामाला लावलं. तिची त्रिकोणमिती ताजी. पाच सेंटिमीटर उंचीचा दगड धरायचा. चाक त्याला कोणत्या कोनात भिडतं? तिनं बिलाच्या मागे गणित केलं : सव्वीसचं चाक सुमारे साडेएकतीस अंशांत, एकोणतीसचं सुमारे तीस अंशांत. फरक दीड अंशाचा. शून्य नाही, पण ज्यासाठी पोरं बापाशी आठ दिवस अबोला धरतात तेवढाही नाही. टायरात हवा थोडी बेतानं भरली तर धक्का याहून कमी होईल. मोठं चाक एकदा वेगात आलं की वेग टिकवून धरतं हे खरं. पण त्या वेगात येईपर्यंत ते जड चाक आणि त्यापुढचा लोखंडी शॉकअप ढकलावा लागतो, आणि तो ढकलणारा देह चाळीस किलोचा असेल तर ही मेहरबानी महागात पडते.

शर्यतींचं म्हणाल तर तिथंही चाकावरून पुष्कळ काथ्याकूट झाला. माउंटन बाइकचं चाक मुळात सव्वीसचं झालं ते काही संशोधन करून नव्हे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातली काही टवाळ मंडळी जुन्यापान्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत, आणि त्या जुन्या सायकलींची चाकं योगायोगानं सव्वीसची होती, एवढंच. पुढे एकोणतीस आलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकोणतीसवरच्या उंच्यापुऱ्या यारोस्लाव कुल्हावी यानं २७.५ वरच्या निनो शूर्टर या मध्यम उंचीच्या स्विस गड्याला अगदी शेवटच्या क्षणी मागे टाकलं. उंचांनी टाळ्या वाजवल्या असतील. पण त्याच शूर्टरनं २०१६ मध्ये रिओला एकोणतीसवर बसूनच सुवर्णपदक नेलं. आणि पुढची दोन ऑलिंपिकं, टोकियो आणि पॅरिस, जिंकली ब्रिटनच्या टॉम पिडकॉकनं, एकोणतीसवर. त्याची उंची साधारण १७० सेंटिमीटर, आणि तिकडे त्याला लहानखुरा म्हणतात! आमच्याकडे एवढ्या उंचीच्या मुलाच्या बायोडाटात "उंचापुरा" असं लिहून येतं आणि हुंडा घेत नाही असं म्हणत दोन तोळे जास्त मागतात.

त्या दुसऱ्या, उतरत्या नळीच्या एकोणतीसवर मी स्वतः बसून पाहिलं. माझी आतली लांबी त्र्याहत्तर, बुटाचे दोन, पंच्याहत्तर, नळी त्र्याहत्तर. दोन सेंटिमीटर शिल्लक. किमान शिलकीच्या नियमात कशीबशी बसणारी, पण खातं चालू राहील अशी. दुकानापुढच्या रस्त्यावर एक फेरी मारली. सरळ रस्त्याला सायकल उत्तम पळाली. पण वळताना माझ्या बुटाचा चवडा पुढच्या टायराला लागला. हा मात्र मोठ्या चाकाचा खरा दोष, आणि तो ठेंगण्यांनाच भोगावा लागतो. लहान फ्रेममध्ये मोठं चाक कोंबलं की चाक पायडलच्या जवळ येतं, आणि सावकाश वळण घेताना पाय आणि टायर यांची गाठ पडते. वेगात असताना हँडल फारसं वळवावं लागत नाही म्हणून कळत नाही. पण गांधी चौकातल्या गर्दीत, एका बाजूला हळदीचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्या बाजूला ऊन खात बसलेली गाय असताना, ते बरोबर कळतं. दुसरा दोष हँडलचा. मोठं चाक, त्यावर शॉकअप, त्यावर हँडल. ते इतकं वर येतं की ठेंगणा माणूस सायकल चालवत नसून खिडकीचे गज धरून उभा आहे असं दिसतं. माझ्या फेरीत पानटपरीवरच्या एकानं "सायब, दिसना गेले हँडलमागं" असं ओरडून सांगितलंच.

तेव्हा माझा निकाल असा. पाच फूट दोन-तीन इंचांच्या माणसानं एकोणतीस खुशाल घ्यावी, पण लहान फ्रेमची. आणि घेण्याआधी नळीवर उभं राहून, हँडल पूर्ण वळवून चवडा लागतो का ते पाहावं. पाच फुटांच्या आतल्यांनी एकाच मापाच्या स्वस्त एकोणतीसच्या वाटेला जाऊ नये. पण म्हणून डोळे मिटून सव्वीसही उचलू नये, कारण सत्त्याहत्तर सेंटिमीटरची सव्वीस मी माझ्या डोळ्यांनी मोजली आहे. आणि दुकानदारानं गिऱ्हाइकाचं डोकं बघून चाक ठरवणं बंद करावं. डोक्यानं सायकल चालवत नाहीत.

हे सगळं मी दुकानात जरा मोठ्यानं बोललो असेन. कोपऱ्यात चाकाचा आऊट काढत बसलेले म्हातारे मिस्त्रीचाचा इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते. ते स्पोकवरची नजर न काढता म्हणाले, "साब, वो ऊपर टंगी है ना, साडेसत्ताईस, वो उतार के नापो. दो साल से कोई लेता नै. छोटी है बोलते."

ती वर टांगलेली होती. चाक २७.५, फ्रेम पंधरा इंची, नळी चांगलीच उतरती, आणि अंगावर दोन वर्षांची धूळ. पोरं ती घेत नव्हती कारण एकोणतीस नाही. पोरींना दुकानदार दाखवत नव्हता कारण लेडीज नाही. खाली उतरवली. नळी सदुसष्ट सेंटिमीटर. भाचीचे सत्तर. तीन शिल्लक. हँडल वळवून पाहिलं, चवडा सुटला. सीट वर घेतलं. भाची रस्त्याच्या टोकाला दिसेनाशी झाली आणि बराच वेळ आलीच नाही. दुकानदार घड्याळाकडे पाहू लागला, कारण पैसे अजून दिलेले नव्हते.

औंढ्याच्या नागनाथाबद्दल आमच्याकडे सांगतात की नामदेवांना पुढून उठवून देवळामागे कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. अगस्ती ऋषी ठेंगणे होते म्हणतात. त्यांच्यासाठी अख्खा विंध्य पर्वत वाकला. देवळं फिरतात, पर्वत वाकतात, आणि आमचा कारखानदार एक नळी चार बोटं खाली घ्यायला तयार नाही!

दाजींना फोन केला. सायकल बसली म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "बसली का? बरं. मंग लाइट पण लावून घ्या, पहाटंचं अंधार असतं."

लाइट लावला. टोपली मात्र आम्ही घेतली नाही, जरी दुकानदार शेवटपर्यंत ती फुकट आहे, फुकट आहे म्हणून आठवण देत होता. जून संपून आता दिवाळी आली आहे, आणि भाचीचा साडेसातचा तास एकदाही चुकलेला नाही. दोनदा पंक्चर झालं तरी. बेडूक मात्र अजून कापायला मिळालेला नाही. आता तो कापत नाहीत, चित्रच दाखवतात, असं तिला तिथं गेल्यावर कळलं.

शिंप्याची फीत आमच्याकडून दुकानातच राहिली. परवा पँटीचं माप द्यायला गेलो तर तो फीत मागू लागला. सायकलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, राहू द्या की दोन दिवस. कालच दोन पोरींनी नळी मोजून मागितली." शिंप्याला मी नवी फीत घेऊन दिली. वीस रुपये.